वाचकांचे प्रश्न : नावांच्या जागी प्रश्नचिन्हं का येतात?

प्रश्न : ताई, नमस्कार. तासगावजवळच्या एका सार्वजनिक वाचनालयासाठी मी सभासद नोंदणीचं वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिलं आहे. जावा सर्व्हलेट, जेएसपी, टॉमकॅट आणि मायएसक्यूएल. माझ्या लॅपटॉपवर सगळं छान चालत होतं. भाड्याच्या सर्व्हरवर चढवल्यापासून तीन त्रास सुरू झालेत. लॅपटॉपवरून नेलेल्या जुन्या सभासदांची नावं बरोबर दिसतात, पण नवीन सभासद नोंदवला की नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. वर्गणीच्या पानावर मराठीत शेरा लिहिला तर विचित्र रोमन चिन्हांची माळ दिसते (हे पान लॅपटॉपवर मी इंग्रजी शेरे लिहूनच तपासलं होतं). आणि नावानं शोध घेतला तर कुणीच सापडत नाही. प्रत्येक पानाच्या मेटा टॅगमध्ये यूटीएफ-८ लिहिलेलं आहे. नोंदणीच्या सर्व्हलेटमध्ये रिक्वेस्टचं एन्कोडिंगही हातानं सेट केलंय. सगळ्या अ‍ॅप्लिकेशनला एकदाच, एकाच जागी यूटीएफ-८ डिफॉल्ट कसं लावायचं?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : तुम्ही तिन्ही त्रास वेगवेगळे लिहिलेत, त्यामुळे अर्धं काम झालंय. बहुतेक पत्रांत “मराठी दिसत नाही” एवढंच असतं, आणि मग मला उलट पत्र लिहून विचारावं लागतं की नेमकं काय दिसतं. कारण प्रत्येक खुणेमागचा बिघाड वेगळा असतो. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते : संगणक प्रत्येक अक्षर आकड्यांत, म्हणजे बाइटांत, साठवतो. कुठल्या अक्षराला कुठले आकडे, हे ठरवणारा तक्ता म्हणजे एन्कोडिंग, आणि यूटीएफ-८ हा सगळ्या लिप्या मावणारा तक्ता. सर्व्हलेट आणि जेएसपी म्हणजे वेबपानं तयार करणारे जावातले प्रोग्राम, टॉमकॅट ते चालवणारा सर्व्हर आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस.

साधं प्रश्नचिन्ह दिसलं, तर कुठल्या तरी प्रोग्रामच्या हातात बरोबर अक्षर होतं, पण ते त्याला अशा संचात बसवायला सांगितलं गेलं, जिथे देवनागरीला जागाच नाही. त्यानं ‘म’ काढून टाकला आणि तिथे प्रश्नचिन्ह ठेवलं. ते अक्षर गेलं. रोमन चिन्हांची माळ दिसली, तर बाइट शाबूत आहेत, फक्त वाचणाऱ्यानं चुकीचा तक्ता लावलाय. काळ्या हिऱ्यातलं प्रश्नचिन्ह म्हणजे यूटीएफ-८ म्हणून वाचायला घेतलेले बाइट यूटीएफ-८ च्या नियमात बसत नाहीत. आणि रिकामी चौकट दिसली तर बहुतेक वेळा फक्त फाँट नाही, मजकूर सुरक्षित आहे.

पहिल्या खुणेबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, त्याचं कारण सांगते. २००८ साली साताऱ्यात मी एका पतसंस्थेचं काम करत होते. सर्व्हर बदलल्यावर तीन आठवडे कुणाच्या लक्षातच आलं नाही की नवीन ठेवीदारांची नावं प्रश्नचिन्हं होऊन साठत आहेत. एक आजी पासबुक घेऊन काउंटरवर आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव कसं दिसतं ते त्यांना ठाऊक होतं. पासबुकावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “बाई, हे माझं न्हाई.” आम्ही कागदी रजिस्टर उघडून चार दिवस नावं पुन्हा टाइप केली, कारण डेटाबेसमधून ती परत आणायला काही उरलंच नव्हतं. म्हणून तुम्हाला आधी एकच सांगते : दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत नवीन नोंदणी बंद ठेवा. तोवर सभासदांचे फॉर्म कागदावर भरून घ्या.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. सगळ्यांना लागू होईल अशी एकच जागा नाही. ब्राउझर, टॉमकॅट, जावा, डेटाबेसचं कनेक्शन आणि टेबल, यातल्या प्रत्येकाचं आपापलं डिफॉल्ट असतं आणि एकाला लावलेलं दुसऱ्याला कळत नाही. पण प्रत्येकापुरती एक जागा मात्र आहे. तेवढ्या जागा नीट केल्या की पुन्हा कुठल्याच सर्व्हलेटमध्ये हातानं काही लिहावं लागत नाही.

वर्गणीच्या पानापासून सुरुवात करू. मेटा टॅग फक्त ब्राउझरला सांगतो की हे पान कसं वाचायचं. त्यामुळे फॉर्म भरल्यावर ब्राउझर मजकूर यूटीएफ-८ मध्येच पाठवतो, पण सोबत “हे यूटीएफ-८ आहे” अशी चिठ्ठी सहसा लावत नाही. चिठ्ठी नसली की सर्व्हलेटच्या नियमाप्रमाणे टॉमकॅट तो मजकूर आयएसओ-८८५९-१, म्हणजे पश्चिम युरोपच्या लिपीचा, असं धरून वाचतो. १९९९ च्या एचटीटीपी मानकातच मजकुराचं डिफॉल्ट ते होतं. २०१४ मध्ये मानकातून ते काढलं, पण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते मुरलेलं आहे. नोंदणीच्या पानावर तुम्ही हातानं सेट केलंत, वर्गणीच्या पानावर राहून गेलं, म्हणून तिथे माळ.

यावर उपाय म्हणजे फिल्टर : ब्राउझरकडून आलेली प्रत्येक रिक्वेस्ट सर्व्हलेटकडे पोचण्याआधी ज्यातून जाते तो प्रोग्रामचा तुकडा. टॉमकॅट ७ पासून कॅरेक्टर एन्कोडिंग सेट करणारा फिल्टर टॉमकॅटसोबतच येतो. तो वेब डॉट एक्सएमएल या तुमच्या अ‍ॅप्लिकेशनच्या सेटिंगच्या फाइलीत नोंदवा, एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या आणि सगळ्या पत्त्यांना लावा. स्प्रिंग हे जावाचं फ्रेमवर्क वापरणाऱ्यांसाठी स्प्रिंगचा स्वतःचा असाच फिल्टर आहे. एक गोष्ट मात्र काटेकोरपणे पाळा : हा फिल्टर सगळ्या फिल्टरांच्या आधी हवा. लॉगिन तपासणाऱ्या फिल्टरनं आधीच एखादा पॅरामीटर वाचला, तर त्याच क्षणी सगळा फॉर्म जुन्या एन्कोडिंगनं उलगडला जातो. त्यानंतर तुम्ही यूटीएफ-८ सेट केलंत तर ते वरातीमागून घोडं. चूक दाखवणारा एररही येत नाही. मी या एका कारणापायी लोकांना दोन-दोन दिवस अडकलेलं पाहिलंय.

टॉमकॅट ९ किंवा त्यापुढचा असेल तर फिल्टरचीही गरज नाही. २०१७ च्या सर्व्हलेट ४.० पासून वेब डॉट एक्सएमएलमध्ये रिक्वेस्टचं आणि रिस्पॉन्सचं कॅरेक्टर एन्कोडिंग सांगणारे दोन टॅग मिळतात. तुम्ही विचारलेल्या “एकाच जागी”च्या सर्वांत जवळ जाणारं उत्तर हेच. पण तुमचा शोधाचा त्रास पाहता भाड्याच्या सर्व्हरवर टॉमकॅट ७ किंवा त्याहून जुना असणार.

तसं का वाटतं? शोधलेलं नाव फॉर्मच्या पोटातून जात नाही, पत्त्याच्या ओळीतून जातं, आणि पत्त्याच्या ओळीचं एन्कोडिंग टॉमकॅटमध्ये वेगळ्या ठिकाणी ठरतं : सर्व्हर डॉट एक्सएमएल या टॉमकॅटच्या सेटिंगच्या फाइलीतल्या कनेक्टरवर (बाहेरून येणारी जोडणी घेणाऱ्या भागावर), यूआरआयएन्कोडिंग या नावानं. टॉमकॅट ८ पासून ते आपोआप यूटीएफ-८ असतं. ७ पर्यंत ते आयएसओ-८८५९-१ होतं. म्हणून लॅपटॉपवर शोध चालला आणि सर्व्हरवर नाही. फिल्टर लावूनही हे सुधारणार नाही. कनेक्टरवर यूआरआयएन्कोडिंग यूटीएफ-८ लिहा. सर्व्हर डॉट एक्सएमएलला हात लावायची परवानगी नसेल, तर शोधाचा फॉर्म पोस्ट पद्धतीनं (पत्त्याच्या ओळीऐवजी पोटातून) पाठवा, म्हणजे तो फिल्टरच्या कक्षेत येईल.

आता प्रश्नचिन्हं. जुनी नावं बरोबर दिसतात, म्हणजे टेबल चांगलं आहे आणि वाचणंही चांगलं आहे. बिघाड लिहिताना होतोय. मायएसक्यूएल ८ मध्ये, म्हणजे २०१८ पासून, सर्व्हरचं डिफॉल्ट यूटीएफ८एमबी४, म्हणजे मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८, आहे, त्याआधी ते लॅटिन-१, म्हणजे पश्चिम युरोपचा संच, होतं. जावाचा जुना मायएसक्यूएल ड्रायव्हर, तुम्ही काही सांगितलं नाहीत तर, कनेक्शन जोडताना सर्व्हरचं डिफॉल्ट विचारतो आणि त्याच संचात मजकूर पाठवतो. वाचताना मात्र तो प्रत्येक कॉलमचा संच पाहून वाचतो. त्यामुळे जुनं नाव नीट येतं आणि नवीन नाव निघतानाच प्रश्नचिन्ह होतं. डेटाबेसला वाटतं, कुणीतरी खरोखरच प्रश्नचिन्हं पाठवली. जेडीबीसीच्या पत्त्यात (जावा ज्या पत्त्यानं डेटाबेसशी जोडलं जातं त्यात) कॅरेक्टरएन्कोडिंग यूटीएफ-८ असं जोडा. एवढी एक ओळ लिहिली की नोंदणी सुरू करता येईल.

टेबलं मात्र यूटीएफ८एमबी४ चीच ठेवा. मायएसक्यूएलमध्ये नुसतं ‘यूटीएफ८’ या नावाचा जो संच होता, त्यात एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट मिळतात. देवनागरीला तीन पुरतात, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला काही जाणवत नाही. पण हसऱ्या चेहऱ्याला चार लागतात. न बसणारा मजकूर नाकारणारा कडक मोड बंद असलेल्या जुन्या सर्व्हरवर शेऱ्यात असा चेहरा आला की तिथून पुढचा सगळा मजकूर कापला जातो. आणि तुमचं वाचनालय जुनं असेल, मोडी कागदांची यादी कधी मोडीतच करायची वेळ आली, तर २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या जागतिक यादीत, आलेली मोडीची अक्षरंही चार बाइटांचीच आहेत.

उरलेलं भराभर सांगते. जेएसपीच्या फाइलीत थेट मराठी लिहिलं असेल तर त्या फाइलींचंही डिफॉल्ट आयएसओ-८८५९-१ असतं. वेब डॉट एक्सएमएलमध्ये जेएसपी प्रॉपर्टी ग्रुप करून सगळ्या जेएसपींना पेज एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या. पान जाताना कंटेंट-टाइप हेडरमध्ये, म्हणजे पानासोबत जाणाऱ्या चिठ्ठीत, कॅरेक्टर सेट जायलाच हवा, कारण हेडर आणि मेटा टॅग यांचं जमलं नाही तर ब्राउझर हेडरचं ऐकतो. मेटा टॅगही पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांत हवा. त्याच्या आधी लांबलचक स्क्रिप्ट घालू नका. पावत्या फाइलमध्ये लिहीत असाल तर जावा सुरू करताना फाइल एन्कोडिंग यूटीएफ-८ असं सांगा. २०२२ च्या जावा १८ पासून ते आपोआप आहे, त्याआधी ते ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून असायचं, आणि लिनक्स सर्व्हरवर भाषा ठरवलेली नसेल तर फाइलीत पुन्हा प्रश्नचिन्हंच येतात.

सगळं झालं की नोंदणी, वर्गणी, शोध आणि पावती या चारही ठिकाणी हे वाक्य टाकून पाहा : “झुंबरबाईला विठ्ठल ऐन एकादशीला बँकेच्या दारात भेटला.” त्यापुढे रुपयाचं चिन्ह आणि एक हसरा चेहरा टाका. हे वाक्य मी मुद्दाम जुळवलेलं आहे. त्यातली अक्षरं का निवडली, ते पुढच्या पत्राच्या उत्तरात आहे.

प्रश्न : ताई, आम्ही काही मैत्रिणी कोकणातल्या ओव्या आणि जुन्या पाककृती जमवून संकेतस्थळावर ठेवतो. सर्व्हर बदलल्यावर सगळा मजकूर रोमन चिन्हांचा झाला. शेजारच्या एका इंजिनिअर मुलानं खटपट करून तो बराचसा परत आणला. पण आता ‘पाठ’चा ‘पा’ झालाय, ‘झुणका’ आणि ‘एकूण’ यांत काळे हिरे दिसतात, जोडाक्षरं तुटलीत. काही पानं त्यानं कॉपी-पेस्ट करून दुरुस्त केली, काही प्रोग्राम लिहून. बिघडलेल्या मूळ डेटाबेसचा बॅकअप आमच्याकडे आहे. हरवलेली अक्षरं परत मिळतील का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बॅकअप आहे हे वाचून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! हो, बहुतेक सगळं परत मिळेल. त्या मुलावर रागावू नका. त्याची दिशा बरोबर होती, पण मराठीच्या काही अक्षरांची अडचण त्याला ठाऊक नव्हती.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठतं. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. ‘ठ’ म्हणजे २२४, १६४, १६०. दीर्घ वेलांटी म्हणजे २२४, १६५, १२८. यातला पहिला आकडा कायम २२४, आणि दुसरा १६४ किंवा १६५. हेच बाइट पश्चिम युरोपच्या विंडोज-१२५२ तक्त्यानं वाचले, तर २२४ ला डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए दिसतो, १६४ ला चार कोपऱ्यांना काटे असलेलं गोल चिन्ह दिसतं आणि १६५ ला जपानी येन. तुमच्या पानभर तीच जोडी पुन्हा पुन्हा दिसत होती, ती यामुळे. ‘म’चा तिसरा बाइट गोलातला आर होतो, ‘र’चा अंशाचं चिन्ह.

आता ‘ठ’कडे बघा. त्याचा तिसरा बाइट १६०, आणि त्या तक्त्यात १६० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. डोळ्यांना ती साध्या स्पेससारखीच दिसते. ब्राउझरमधून कॉपी-पेस्ट करताना ती अनेकदा साधी स्पेस, म्हणजे ३२, होऊन बसते. मग उलटं रूपांतर करताना ‘ठ’ जुळत नाही. ओव्यांमध्ये तर विठ्ठल पावलोपावली असणार, आणि एका विठ्ठलात दोन ‘ठ’!

दुसरी अडचण याहून खोल आहे. विंडोज-१२५२ च्या तक्त्यात पाच घरं रिकामी आहेत : १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. ऱ्हस्व उकाराचा तिसरा बाइट १२९, ‘बँक’वरच्या चंद्रबिंदूचाही १२९. हलन्ताचा, म्हणजे पाय मोडण्याच्या चिन्हाचा, १४१. ‘ए’चा १४३, ‘ऐ’चा १४४, ‘झ’चा १५७. जावात हा तक्ता लावून मजकूर वाचला, की या घरांशी येऊन प्रोग्राम अडतो आणि तिथे काळा हिरा ठेवतो. हलन्त गेला म्हणजे मराठीतली सगळी जोडाक्षरं गेली. तुमचा झुणका, तुमचं एकूण, तुटलेली जोडाक्षरं, सगळ्याचं मूळ याच पाच घरांत आहे. वर दिलेलं झुंबरबाईचं वाक्य मी याचसाठी जुळवलं : त्यात ही पाचही घरं येतात आणि सहावा ‘ठ’ही.

मायएसक्यूएल मात्र इथे आपल्या मदतीला येतो. तो ज्याला लॅटिन-१ म्हणतो तो प्रत्यक्षात विंडोज-१२५२ च आहे, पण ती पाच रिकामी घरं त्यानं रिकामी ठेवलेली नाहीत, प्रत्येकाला एकेक चिन्ह नेमून दिलंय. त्यामुळे जाऊन-येऊन एकही बाइट हरवत नाही. म्हणून दुरुस्ती बाहेरच्या प्रोग्राममध्ये करू नका, डेटाबेसच्या आतच करा.

आधी बॅकअपची एक प्रत करा आणि मूळ फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवून द्या. प्रत एका रिकाम्या डेटाबेसमध्ये उतरवा. मग जिथे ‘मराठी’ एवढाच शब्द असायला हवा अशी एक नोंद शोधा आणि डेटाबेसला दोन गोष्टी विचारा : तिची लांबी बाइटांत किती आणि अक्षरांत किती. निरोगी शब्दाचं उत्तर १५ बाइट, ५ अक्षरं असं येतं. १५ बाइट आणि १५ अक्षरं आली, तर बाइट अजून मूळचेच आहेत, कॉलमवर फक्त चुकीची पाटी लागली आहे. अशा वेळी कॉलम आधी ब्लॉब (नुसते बाइट साठवणाऱ्या) प्रकारचा करा आणि मग यूटीएफ८एमबी४ च्या टेक्स्ट प्रकारचा. सरळ टेक्स्टवरून टेक्स्टवर जाऊ नका. मधली ब्लॉबची पायरी गाळली तर मायएसक्यूएल चुकीची अक्षरंच प्रामाणिकपणे यूटीएफ-८ मध्ये उतरवतो आणि बिघाड दुहेरी होतो.

तुमच्याकडे बहुधा हा दुहेरी प्रकारच असेल. त्यात त्याच शब्दाचं उत्तर ३१ बाइट, १५ अक्षरं येतं. तिथे कॉलमचं रूपांतर तीन टप्प्यांत होतं : लॅटिन-१ मध्ये, मग बायनरीत, मग यूटीएफ८एमबी४ मध्ये. एकाच अपडेट क्वेरीत ते बसतं. आधी दहा नोंदींवर नुसतं सिलेक्ट करून पाहा, डोळ्यांनी वाचा, मगच अपडेट. आणि अपडेट एकदाच. आधीच दुरुस्त असलेल्या नोंदींवर ते पुन्हा चाललं, तर त्यांची प्रश्नचिन्हं होतील.

सर्व्हर बदलल्यानंतर नव्यानं लिहिलेली, बॅकअपमध्ये नसलेली काही पानंही असतील. पेस्ट करताना बिघडलेला, अजून माळेच्याच रूपात असलेला मजकूर तिथे सापडला, तर एक आधार आहे. तिरप्या रेघेचा ए, काट्यांचं गोल आणि त्यापुढे साधी स्पेस, अशी तिकडी दिसली की ती ‘ठ’च. दुसरं काही असूच शकत नाही. त्या स्पेसच्या जागी १६० ची मोकळी जागा परत घाला आणि मग रूपांतर करा, सगळे ‘ठ’ परत येतात. काळ्या हिऱ्यांचं मात्र यंत्रावर सोपवता येणार नाही. येनच्या मागचा हिरा जवळजवळ नेहमी उकार किंवा हलन्त असतो, गोलामागचा हिरा ‘झ’, ‘ए’, ‘ऐ’ किंवा चंद्रबिंदू. कुठला, ते मजकूर वाचूनच ठरवायला हवं. ओव्या ज्यांना तोंडपाठ आहेत अशा कुणालातरी शेजारी बसवून हे करा.

प्रश्न : यूटीएफ-८ मध्ये मराठीला तिप्पट जागा लागते असं ऐकलं. मग यूटीएफ-१६ का लावू नये?
– एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तिप्पट ही रोमनच्या तुलनेत. यूटीएफ-१६ मध्ये देवनागरीला दोन बाइट लागतात, म्हणजे नुसत्या मराठी मजकुरावर एक तृतीयांश वाचतो. पण वेबपान म्हणजे नुसता मजकूर नव्हे. टॅग, पत्ते, स्क्रिप्ट सगळं रोमन असतं, आणि ते यूटीएफ-१६ मध्ये दुप्पट होतं. शिवाय पान पाठवताना सर्व्हर ते दाबून लहान करतो आणि तो सारखा येणारा २२४ त्यात सहज दबतो. आजच्या एचटीएमएल मानकात पानासाठी यूटीएफ-८ च सांगितलेलं आहे. जागेची काळजी वेगळ्या ठिकाणी करा : ओरॅकल या डेटाबेसमध्ये व्हारचार२ या मजकुराच्या कॉलमची लांबी मुळात बाइटांत मोजली जाते. तिथे नावासाठी ३० लिहिलंत तर देवनागरीची दहाच चिन्हं मावतील, आणि काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं धरली जातात. ‘विठ्ठल’ एकटाच सहा चिन्हांचा आहे. लांबी अक्षरांत सांगायची सोय ओरॅकलमध्ये आहे, ती वापरा.

प्रश्न : आमच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये मराठी उत्तम दिसतं, पण सभासदांची यादी सीएसव्ही म्हणून उतरवून एक्सेलमध्ये उघडली की रोमन माळ येते. सचिवांना रोज उत्तर द्यावं लागतं.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमची फाइल बरोबर आहे. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम पाडलेली साध्या मजकुराची फाइल. तिला आपलं एन्कोडिंग सांगायला जागा नसते, म्हणून दोन क्लिक करून उघडली की एक्सेल विंडोजचं जुनं डिफॉल्ट धरतो. फाइल लिहिताना अगदी सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट लिहा. ती यूटीएफ-८ ची खूण आहे, एक्सेल ती ओळखतो. हीच फाइल पुन्हा आत घेणार असाल तर वाचताना ती खूण काढून टाका. नाहीतर ती पहिल्या कॉलमच्या ‘नाव’ या मथळ्याला अदृश्यपणे चिकटते आणि ‘नाव’ नावाचा कॉलम सापडत नाही म्हणून प्रोग्राम थांबतो.

प्रश्न : आमचं छापखान्याचं काम. एका संस्थेचे बारा वर्षांचे वार्षिक अंक श्रीलिपीत टाइप केलेले आहेत. ते संकेतस्थळावर ठेवायचेत. सगळीकडे यूटीएफ-८ डिफॉल्ट लावलं, तरी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कितीही डिफॉल्ट लावलंत तरी हा गोंधळ जाणार नाही, कारण संगणकाच्या दृष्टीनं ती खरोखरच रोमन अक्षरं आणि चिन्हं आहेत. जुन्या फाँटांनी रोमन अक्षरांच्या घरात मराठी आकार बसवले होते. फाँट काढला की आकार गेला. इथे एन्कोडिंगचं डिफॉल्ट नको, त्या नेमक्या फाँटचा रूपांतरक हवा. नेमक्या म्हणतेय, कारण श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांची घरं एकमेकांशी जुळत नाहीत.

रूपांतरक कितीही चांगला असला तरी दोन ठिकाणी तपासा. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, कारण ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार उलट : दिसतो शेवटी, युनिकोडमध्ये असतो आधी. ‘मार्मिक’ या शब्दात दोन्ही एकाच अक्षरावर येतात, म्हणून रूपांतरित मजकुरात ‘मार्मिक’ आणि ‘धार्मिक’ शोधा. ते सापडले तर रूपांतरकावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मग ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ बघा. हा अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह लावून. कागदावर दोन्ही सारखेच, पण शोधात दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चंही तसंच. हे स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलं, त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देत. युनिकोडचं ठरावीक नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची पद्धत) या जोड्या एक करत नाही, ते तुमच्या प्रोग्रामला करावं लागतं. एक रूप ठरवा, साठवताना त्यात बदला, आणि शोधाच्या चौकटीत वाचकानं लिहिलेलंही त्याच रूपात बदलून मग शोधा.

बाराही अंक एकदम करू नका. एक घ्या, रूपांतर करा आणि छापील अंक शेजारी ठेवून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून घ्या. एकानं कागद वाचायचा, दुसऱ्यानं पडदा. छापखान्यात प्रूफ वाचताना करता तसंच.